ओन्ली हिम

देवाने माणसामाणसांत नाती निर्माण केली ती केवळ माझ्या साडूंना त्यांची ओळख करून देता यावी म्हणून, याबद्दल माझ्या मनात आता काडीचीही शंका उरलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीकडचे, आणि गेली बरीच वर्षं सिंगापुरात बुकित बातोकच्या एका लहानशा कारखान्यात मोजण्याची उपकरणं तपासायला असतात. म्हणजे एखादी वस्तू मापात आहे की नाही हे जी पट्टी सांगते, ती पट्टी स्वतः मापात आहे की नाही हे आमचे साडू सांगतात. हा धंदा माणसाच्या अंगात किती भिनावा याला मर्यादा असते, पण ती मर्यादा त्यांना कोणी मोजून दिली नसावी. "अंकल" हा शब्द कानावर पडला की त्यांच्या कपाळाची शीर उडते. "अंकल म्हणजे नक्की कोण? काका, मामा, की आत्याचे यजमान?" असं ते समोरच्या चिनी, मलाय, तमिळ माणसाला सारख्याच कळकळीने विचारतात. सगळ्यात जास्त राग त्यांचा "ब्रदर-इन-लॉ" या शब्दावर. "दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा आणि साडू, चौघं एकाच डब्यात कोंबलेत! या इंग्रजांना टॉलरन्स, मापातल्या चुकीची हद्द म्हणून काही आहे की नाही?" त्यामुळे माझी ओळख करून देताना ते बाकीचं सगळं इंग्रजीत बोलत आणि नेमका तेवढा एक शब्द मराठीत ठेवत. "ही इज माय साडू. आय अ‍ॅम हिज साडू." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटो न उमटो, त्यांच्या चेहऱ्यावर मात्र एखादं माप शून्यावर बरोबर टेकल्याचं समाधान पसरे.

दर रविवारी ते आणि ताई, म्हणजे माझी मेहुणी, एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, आमच्याकडे टॅम्पिनीसला येत. बेटाच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे, जुरॉंग ईस्टला गाडी बदलून, तासाभराहून अधिक प्रवास, मांडीवर डबा. आमच्या कॉन्डोच्या फाटकावर एक वयस्क तमिळ रक्षक बसतो. मी तिथे सहा वर्षं भाडं भरतोय, पण खिशात कार्ड नसलं तर तो मला अजून नाव विचारतो. साडूंना पहिल्या रविवारी त्याने अडवलं, दुसऱ्या रविवारी त्याचा कोणी चुलतभाऊ पूर्वी सांगलीच्या हळदीच्या बाजारात हमाल होता असा शोध लागला, आणि तिसऱ्या रविवारपासून साडू येताना दिसले की तो उठून फाटक उघडू लागला. वर येताना लिफ्टमध्ये जो कोणी असेल त्याला ते माझं आणि त्यांचं नातं सांगत. लिफ्ट चौदाव्या मजल्याला जाईपर्यंत मी मजल्यांचे आकडे इतक्या एकाग्रतेने वाचत असे, की जणू ते मला पाठ करायचे आहेत.

आणि ती माकडटोपी! विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर राहून माकडटोपी वापरणारा दुसरा माणूस कोणाला माहीत असेल तर त्याने मला जरूर कळवावं. ताईंनी विणलेली, करड्या-तपकिरी रंगाची, डोळे तेवढे उघडे ठेवणारी. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असोत, एमआरटीच्या डब्यात पाय ठेवण्याआधी ती डोक्यावर चढलीच पाहिजे, कारण "डब्यातलं वारं सरळ कानात जातं." एकदा हे गृहस्थ कानाला वारं लागू नये म्हणून दारातच टोपी ओढून एका बँकेत शिरले. रक्षकाने त्यांना थोपवायला हात पुढे केला. तो हस्तांदोलनासाठी आहे असं समजून साडूंनी तो दोन्ही हातांत धरला आणि टोपीच्या आतून विचारलं, "यू आर फ्रॉम विच प्लेस?" पुढे मॅनेजर आला, टोपी उतरली, आणि साडूंनी त्या दोघांना कानाचं महत्त्व समजावून सांगितलं. ही गोष्ट त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितली. मी हसलो नाही. आपण त्या वेळी त्यांच्याबरोबर असतो तर काय झालं असतं, याचा हिशोब मी करत होतो.

एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल की मला साडूंची लाज वाटायची. हे लिहितानासुद्धा हात अडखळतो, पण खरं ते हेच. मी पुण्याचा, हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत सॉफ्टवेअरचा मॅनेजर, आणि माणसाने चार लोकांत कसं वागावं याबद्दलच्या माझ्या कल्पना फार इस्त्रीच्या होत्या. ते मला "काय साडू, कसा आहेस?" म्हणून पाठीवर थाप मारत, आणि मी "बरं आहे" म्हणून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरके. ते मला तू म्हणत, साडू म्हणत. मी त्यांना काहीच म्हणत नसे. "अहो, जरा ऐकता का" यावर सगळी वर्षं निभावून नेली.

तर अशा या माणसाला घेऊन मी माझ्या बॉसबाईंबरोबर जपानला गेलो. बेत माझा नव्हता. त्या वर्षी ऑफिसात वरची एक जागा रिकामी व्हायची होती, आणि तिच्यावर माझा डोळा होता. बॉसबाई म्हणजे पन्नाशीतल्या चिनी सिंगापुरी बाई. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही, म्हणून मी त्यांना हाकच मारत नाही. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत त्या नवऱ्याला आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन नागानोला चालल्या होत्या. "यू ऑल ऑल्सो कम लाह," असं त्या एकदा सहज म्हणाल्या, आणि मी ते सहज घेतलं नाही. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "ताईला फार दिवसांपासून बर्फ बघायचाय." मी पुष्कळ कारणं सांगितली, पण त्यांतलं खरं एकही नसल्यामुळे ती टिकली नाहीत.

नागानोहून एका दिवसाची सहल होती. सकाळी बर्फात खेळायचं, दुपारी डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडात बसणारी माकडं बघायची, संध्याकाळी परत. बसमध्ये निरनिराळ्या देशांचे तीसेक लोक. पुढे बॉसबाईंचं कुटुंब, त्यांच्या मागे मी, माझ्या शेजारी खिडकीला आमची तेरा वर्षांची कन्या एका कानात बोंड घालून बसलेली. बायको आणि ताई मागच्या बाकावर, लहानपणापासून अपुऱ्या राहिलेल्या गप्पा पुऱ्या करत होत्या. गाइडबाई ठेंगण्या, हसऱ्या आणि फार नम्र. त्यांनी निघताना आम्हाला चार-पाच जपानी शब्द शिकवले. युकी म्हणजे बर्फ. सारू म्हणजे माकड. आता जपानी माणूस "र" म्हणताना जीभ टाळूला अशी काही टेकवतो की तो र आणि ड यांच्या मधे कुठेतरी पडतो. सगळ्या बसने एका सुरात "सारू, सारू" म्हटलं तेव्हा माझ्या कानाने ते काय ऐकलं हे मी सांगायला नको. साडूंनी ते ऐकलं नाही. ते त्या वेळी बसच्या पार शेवटी एका ऑस्ट्रेलियन जोडप्याच्या ओंजळीत चिवडा घालत होते, आणि कानांवर अर्थातच टोपी होती.

मग गाइडबाई म्हणाल्या, एकेकाने आपली ओळख करून द्या. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला. साडू बसच्या मधोमध येऊन उभे राहिले, टोपी हनुवटीपर्यंत, हात जोडलेले. "गुड मॉर्निंग. आय अ‍ॅम फ्रॉम बुकित बातोक," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "ही इज माय साडू. आय अ‍ॅम हिज साडू."

गाइडबाईंनी तोंडावर हात नेला. "सारू?"

"येस, येस! साडू!" साडू आनंदाने म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तो शब्द एका फटक्यात उच्चारला होता.

बस हास्यात बुडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूंनी झुकून झुकून त्या स्वीकारल्या. गाइडबाई हसू आवरत माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "यू ऑल्सो सारू?" बॉसबाईही मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. आमच्या भाषेत सख्ख्या बहिणींच्या नवऱ्यांना साडू म्हणतात, मी यांचा आणि हे माझे, एवढंच. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं हेही मी शपथेवर सांगेन. पण बॉसबाईंच्या डोळ्यांत गंमत नाचत होती, मला त्या गमतीच्या बाजूला उभं राहायचं होतं, आणि मी हात झटकून म्हणालो, "नो, नो. ओन्ली हिम."

पुन्हा हशा. बॉसबाई तर खांदे हलवून हसल्या. आणि तेवढ्यात साडू माझ्याजवळ आले, खिडकीबाहेर पाहिलं, जिकडे बघावं तिकडे पांढरंशुभ्र, आणि माझ्या पाठीवर थाप मारून ओरडले, "वा साडू! काय बोललास! ओन्ली हिम! खरंय, नुसतं हिमच हिम!" त्यांना वाटलं मी कोटी केली. पुण्याचा माणूस, करणारच. तिथून पुढे दिवसभर सगळी बस त्यांना सारू-सान, म्हणजे माकडराव, म्हणत होती आणि ते प्रत्येक हाकेला जपानी थाटात "हाय!" म्हणून ओ देत होते.

बर्फाच्या मैदानावर पोचल्यावर लहानथोर सगळे प्लास्टिकच्या घसरगाड्या घेऊन उतारावरून घसरू लागले. साडूंनी आधी खिशातली पोलादी पट्टी काढून बर्फाची खोली मोजली, पट्टी पुरेना म्हणून बर्फात दंडापर्यंत हात घातला, आणि मगच घसरगाडीवर बसले. पहिल्या खेपेला ते स्वतः खाली गेले आणि गाडी वर राहिली. दुसऱ्या खेपेला त्यांनी ताईंना पुढे बसवलं. ताईंची किंकाळी आणि साडूंचं "कान झाक, कान झाक!" हे दोन्ही अर्ध्या डोंगराला ऐकू गेलं असेल. इथवर मी सोसलं. पण मग त्यांनी पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढली. हा माणूस बुकित बातोकहून नागानोपर्यंत कोकमाचा अर्क घेऊन आला होता, कारण "एवढा बर्फ फुकट पडलेला असताना गोळा खायचा नाही म्हणजे काय?" वरचा थर खरवडून, आतला स्वच्छ बर्फ मुठीत दाबून, त्यात जेवणाच्या डब्यातली काडी खोचून, वर लालभडक कोकम ओतून त्यांनी बर्फाचे गोळे केले. गाइडबाई "प्लीज, स्नो नो ईट" म्हणत मागे धावत होत्या. मी एका दुकानात शिरलो आणि पायमोजे बघू लागलो.

काचेतून मला दिसत होतं. बॉसबाईंची आई बाकावर एकटीच बसली होती. सकाळपासून तिने कोणाशी शब्द बोललेला नव्हता. तिला मुळी यायचंच नव्हतं, असं बॉसबाई मला विमानात म्हणाल्या होत्या. साडू तिच्यासमोर वाकले आणि दोन्ही हातांनी गोळा पुढे केला. म्हातारी बघतच राहिली. मग तिने तो घेतला, चोखला, आणि इतक्या मोठ्याने ओरडली की मला काचेआड ऐकू आलं. "आइस बॉल! आइयो, आइस बॉल! स्मॉल गर्ल टाइम आय ईट!" तिच्या लहानपणी सिंगापुरातल्या गल्लीत असाच हातात धरायचा लाल गोळा मिळे, तो मग बंद झाला, हे मला नंतर कळलं. बॉसबाई "मम्मी, युअर शुगर!" करत धावल्या. म्हातारीने त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि दुसरा मागितला. मला बाहेर जाऊन तिथे उभं राहता आलं असतं. मी पायमोज्यांचे तीन जोड घेतले, त्यांतला एकही माझ्या मापाचा नव्हता.

दुपारी माकडांकडे जायला देवदारांच्या रानातून बर्फाळ पायवाट होती, चांगली अर्ध्या तासाची. म्हातारीने साडूंचा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. ती तिच्या चिनी बोलीत काहीतरी सांगत होती, हे मराठीत "अगदी बरोबर" म्हणत होते. कुंडाशी पोचलो तर माकडं गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर बर्फाची भुरभुर, चेहरे लालबुंद आणि डोळे मिटलेले. साडूंनी आधी हात जोडले. मारुतीचे भक्त ते, त्यांचा इलाज नव्हता. मग म्हणाले, "आमच्या गावच्या तालमीतले वस्ताद आंघोळीला असेच बसायचे. तोंडावर हाच भाव. बिल मागायला गेलं तरी डोळे उघडायचे नाहीत." माकडांच्या डोळ्यांत बघू नका, असं गाइडबाईंनी बजावलं होतं, म्हणून ते एका थोराड माकडाच्या कानाकडे बघत त्याच्याशी बोलू लागले. "काय राव, पाणी बरं आहे का?" आणि मग सवयीने, सगळ्यांच्या देखत, माझ्याकडे हात करून त्याला म्हणाले, "हा माझा साडू."

लोक अक्षरशः गुडघ्यांवर हात ठेवून हसले. बॉसबाईंच्या नवऱ्याने कॅमेरा काढला. "सारू-सान, फोटो, फोटो!" साडू माकडाशेजारी बेताचं अंतर राखून उभे राहिले आणि मला हाक मारली, "ये रे साडू, तूही ये!" मी म्हणालो, "तुम्ही काढा, मी इथून बघतो." तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात माकड आहे, माकडटोपी घातलेले साडू आहेत, आणि त्यांचा डावा हात माझ्या खांद्याच्या उंचीवर हवेत पसरलेला आहे.

परत आल्यावर साडूंना दुसरा विषय उरला नाही. संक्रांतीच्या तिळगुळाला, कोणाच्या बारशाला, लिफ्टमध्ये, फाटकावर, जिथे ऐकायला माणूस मिळेल तिथे हीच कथा. जपानी लोकांना नात्यांची केवढी जाण आहे! आपल्याकडे ब्रदर-इन-लॉ म्हणून बोळवण करतात, तिकडे अख्खी बस "साडू-सान" म्हणून मान देत होती. आणि गोष्टीचा शेवट ठरलेला. "बाहेर सगळं पांढरं, आणि हा माझा साडू म्हणतो कसा, ओन्ली हिम!" एवढं बोलून ते माझ्याकडे कौतुकाने बघत. ऐकणारेही बघत. मी पंख्याकडे बघे. त्यांना खरं कळलं तर काय होईल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागलेला असे. त्यांच्या अभिमानाला तडा जाईल ही काळजी त्यात होती, नाही असं नाही, पण मी कसा आहे हे त्यांना कळेल ही काळजी तिच्याहून मोठी होती. आपणच सांगून टाकावं असं चार वेळा ठरवलं. एकदा तर त्यांना पोचवायला म्हणून जुरॉंग ईस्टपर्यंत एमआरटीत गेलो. सगळी वाट वाक्य जुळवत राहिलो, आणि उतरताना म्हणालो, "कानाला वारं लागत नाही ना?" ते इतके खूष झाले की त्यांनी टोपी काढून मला देऊ केली. वरची ती जागा, जाता जाता सांगतो, कंपनीने रद्दच करून टाकली.

मग मार्चमधल्या एका रविवारी जेवणं चालली होती. साडूंनी पुन्हा ती कथा काढली, आणि शेवटावर आले. कन्येने शाळेत त्या वर्षी जपानी घेतलं होतं. तिने भाताचा घास तोंडात तसाच ठेवून मान वर केली. "नो लाह, काका. बाबा स्नोबद्दल नव्हता बोलत. सारू मीन्स मंकी. गाइडने त्याला विचारलं ना, यू ऑल्सो सारू? सो बाबा सेड, ओन्ली हिम. ओन्ली यू." ती लबाडीने बोलली नव्हती. चुकीचं उत्तर दुरुस्त करावं तसं तिने ते दुरुस्त केलं आणि घास गिळला.

ताईंचा हात आमटीच्या पळीवर थांबला. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग असता तर मी वाचलो असतो. एखादी पट्टी रोज वापरावी आणि एके दिवशी ती मुळातच चुकीची निघावी, तेव्हा ते जसे तिच्याकडे बघत असतील तसे ते माझ्याकडे बघत होते. पण हे सगळं फार तर एका घासाइतका वेळ. मग ते कन्येकडे वळून मोठ्याने हसले. "अगं वेडे, एकटा साडू कुठे असतो का? मी माकड, तर तुझा बाबाही माकडच की! दोघं लागतात त्याला!" सगळे सुटल्यासारखे हसले. माझ्या लेकीसमोर त्यांनी मला पाठीशी घातलं होतं, आणि मला तेवढंच कळलं, कारण मला तेवढंच कळून घ्यायचं होतं. निघताना त्यांनी नेहमीसारखा ताईंना पिशवीचा एक बंद धरायला दिला, लिफ्टचं बटण दाबलं, आणि मला म्हणाले, "येतो. तुम्हीही या कधी बुकित बातोकला."

तुम्ही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली असेल. पुढच्या रविवारी ते आले, डबा आणला, हसले, बोलले, सगळं पहिल्यासारखं. लिफ्टमध्ये एक नवे भाडेकरू होते. साडूंनी सवयीने माझ्याकडे हात केला, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, "ही इज माय वाइफ्स यंगर सिस्टर्स हज्बंड." मापात तसूभर चूक नव्हती. त्या माणसाला नातं पहिल्यांदाच बरोबर समजलं, त्याने मान डोलावली. चौदा मजले चढेपर्यंत मला कुठेही बघता येईना. ज्या शब्दाने मी इतकी वर्षं शरमेने अर्धा झालो होतो, तो आता कोणीच उच्चारत नव्हतं, आणि माझी शरम मात्र दुप्पट झाली होती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग जाऊन माफी माग की. मला काय सांगतोस?"

एका शनिवारी सकाळी मी एकटाच बुकित बातोकला गेलो. इतक्या वर्षांत मी तिकडे तीनदा गेलो असेन, तेही सणासुदीला बायकोच्या मागे मागे. साडू त्यांच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये एका चिनी म्हाताऱ्याचा बुद्धिबळाचा डाव बघत बसले होते. मला पाहून ते चटकन उभे राहिले, पाहुण्यासाठी राहावं तसे. म्हाताऱ्याने हनुवटीने विचारलं, हा कोण? साडूंनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "साडू. आय अ‍ॅम हिज साडू. ही इज माय साडू."

"वॉट इज साडू?" म्हातारा म्हणाला.

मी सांगितलं. दोन बहिणी, दोन नवरे.

"बोथ सेम वर्ड, अं?"

"बोथ सेम," मी म्हणालो. आणि मग साडूंकडे बघून मराठीत म्हणालो, "त्या दिवशी बसमध्ये मी हे सांगायला हवं होतं. मला तुमची लाज वाटली होती. आता माझी वाटते." साडूंनी पायाने एक स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाले, "बसा. कोपी घेणार ना?"

बसा. मी बसलो. कोपी, म्हणजे तिथली कॉफी, घेतली. ते कारखान्यातल्या एका नव्या मशीनबद्दल बोलले, मी ऐकलं. तेव्हापासून जमेल त्या शनिवारी मी तिकडे जातो. ते मला आनंदाने भेटतात, कोपी मागवतात, डाव समजावून सांगतात, आणि अहो-जाहो करतात. माणूस मापाचा पक्का आहे. एकदा हललेला काटा उगाच जागेवर आणणार नाही. मागच्या शनिवारी डाव फार रंगात आला होता. म्हाताऱ्याचा हत्ती अडकला होता, मी मधे बसल्यामुळे साडूंना पट नीट दिसत नव्हता. नजर पटावरून न हलवता त्यांनी मला कोपराने ढकललं आणि म्हणाले, "ए, सरक जरा." आणि लगेच सावरून घेत, "सरका, सरका थोडं."

पण मी पहिल्याच शब्दाला सरकलो होतो.